आधी कोरडं, मग मलम

४ जानेवारी

चि. बेबीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. ‘फोनवर तुम्ही सगळं छान आहे एवढंच म्हणता, मला नीट लिहून कळवा’ ही तुझी तक्रार रास्त आहे. फोन कानाला लावला की माझी जीभ जड होते, हे तुझ्या आईनंही मला जन्मभर ऐकवलं. त्यात होस्टेलवर तुला फोनला वेळ मिळतो जेमतेम, आणि तो सगळा तू ठकीला ‘बोल ना गं, आई म्हण ना’ करण्यात घालवतेस. ती फोन चाटत बसते. आत्ता ती झोपलीय, म्हणून कागद घेऊन बसलोय. मध्येच अक्षर वाकडं झालं तर समज, जागी झाली.

ठकी मजेत आहे. खालचे दोन्ही दात वर आले. रांगायला लागलीय, पण उलटी. समोरच्या खुळखुळ्याकडे बघते, सगळा जोर लावते, आणि सरकत सरकत मागे कपाटाखाली जाते. मग खुळखुळा लांब गेला म्हणून त्याच्यावरच चिडते. आमच्या गॅरेजचा मालक अगदी असाच धंदा करायचा.

खालच्या मजल्यावरचे लोक विचारतात, ‘आजोबा, ठकी हे काय नाव?’ मी सांगतो, तिची आई अजून बेबीच आहे, एका घरात दोन बेब्या कशा नांदतील? शिवाय ही ठकवते पण. गळा काढून मला हातातलं काम टाकायला लावते, आणि मी धावत गेलो की बोळकं पसरून हसते.

समोरच्या शिवणवाल्या मावशी रोज डोकावून जातात. त्यांच्या मशीनचा आवाज जिन्यापलीकडून येत असतो तोवर ठकी गाढ झोपते. मशीन थांबलं की हिचे डोळे उघडलेच. मावशी म्हणतात, ‘भाऊ, तुमच्या नातीनं मला कामाला जुंपलंय. जरा पाठ टेकायची सोय नाही.’ जावईबापूंचा बोटीवरून फोन आला होता. आवाज तुटत होता. ठकीचं नाव तेवढं तीनचारदा ऐकू आलं, बाकी समुद्रानं खाल्लं.

तू लिफ्टच्या छतावर उभी राहून दोर तपासलेस, ग्रीस नखांत गेलं ते निघत नाही, असं लिहिलंस. तो मजकूर मी मावशींना दोनदा वाचून दाखवला. नखांत गेलेलं काही आठ दिवस निघत नाही, हे तुला मी सांगायची गरज नाही. लहानपणी माझ्या नखांतला निळा रंग काडीनं कोरत बसायचीस. नेटानं शिक. प्रशिक्षण पुरं झालं की नोकरी पक्की, हे लक्षात ठेव. लेकराची आठवण येऊन रडू आलं तर खुशाल रड, पण दोर तपासून झाल्यावर.

एक किरकोळ गोष्ट. ठकीच्या मांडीच्या सांध्यात आणि बुडाशी थोडी लाली आलीय. डायपर बसतो तिथेच. बाळांना होतंच म्हणे असं. मी पावडर लावतोय, हात न आखडता. दोनचार दिवसांत जाईल.

निघताना दारात तू विचारलं होतंस, ‘बाबा, नक्की जमेल ना?’ न जमायला काय झालं? जमतंय. उठली वाटतं. थांबतो.

तुझा,
बाबा


१९ जानेवारी

चि. बेबीस आशीर्वाद.

मागच्या आठवड्यात फोनवर ठकी रडत होती ते दातांमुळे, असं मी तुला म्हणालो. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. आता ती बरी आहे, म्हणून लिहितो.

मागच्या पत्रातली लाली वाढली. बघता बघता दोन्ही कुल्ले लालबुंद झाले, कातडी सोलल्यासारखी दिसायला लागली, घडीत बारीक पुटकुळ्या आल्या. पाणी लागलं की पाय पोटाशी घेऊन असा टाहो फोडायची की माझ्या हातातला कापूस खाली पडायचा. बदलायला घेतलं की पाय उडवून हसणारी पोर, बेबी. माझ्या हातात डायपर दिसला की तिचा ओठ बाहेर यायला लागला. डायपरला घाबरून नाही, मला.

मावशी म्हणाल्या, आता पुरे, डॉक्टरांना दाखवायचं. त्याही सोबत आल्या.

मुलांच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तुझ्याच वयाच्या. ठकीला बघून त्यांनी आधी तिची माफी मागितली, मग माझ्याकडे वळल्या.

‘ही पावडर कुणी सांगितली?’

‘कुणी नाही. आमच्या वेळी लावायचे.’

‘तुम्ही लावायचात?’

मी कुठला लावतोय? तू एवढीशी होतीस तेव्हा मी सकाळी रंगाच्या शेडमध्ये जायचो, परतायचो तेव्हा तू न्हाऊनमाखून झोपलेली असायचीस. तुझं सगळं तुझ्या आईनंच केलं. मी लांबून बघून म्हणायचो, छान गुटगुटीत आहे. बाप म्हणून माझं काम तेवढंच.

डॉक्टरीणबाईंनी पावडर बंद केली. ओल्या घामात तिचे गोळे होतात आणि तेच घडीत घासत राहतात, शिवाय ती उडून बाळाच्या छातीत जाते. सुवासिक ओले रुमालही बंद, तेही झोंबतात. ‘कोमट पाणी आणि कापूस घ्या,’ म्हणाल्या. ‘घासायचं नाही, टिपायचं. मग थोडा वेळ उघडंच राहू द्या, वारा लागू दे. पुरतं कोरडं झालं की हे जस्ताचं मलम. जाड थर द्यायचा, भिंतीला चुना देतात तसा. कातडी आणि ओल यांच्या मध्ये काहीतरी उभं राहिलं पाहिजे. पुढच्या वेळी वरची घाण तेवढी पुसा. खालचं मलम खरवडून काढू नका, नाहीतर नवी कातडी त्याच्याबरोबर येईल.’

मी म्हटलं, ‘म्हणजे पत्र्यावर प्रायमर.’

‘काय?’

‘मी गाड्या रंगवायचो. पत्रा ओला असताना कोट मारला की आत ओल कोंडते, आणि महिन्याभरात रंगाला फोड धरतात. आधी कोरडं, मग कोट.’

त्या हसल्या. ‘मग तुम्हाला काय शिकवायचं? फक्त हा पत्रा रडतो, एवढं लक्षात ठेवा.’ पुटकुळ्यांसाठी वेगळी ट्यूब दिली, ती आधी पातळशी लावायची आणि तिच्यावर मलम. डायपर एक माप मोठा घ्यायचा, सैल. आणि शी झाली की लगेच बदलायचं.

‘लगेच बदलता ना?’ त्यांनी विचारलं.

‘लगेच,’ मी म्हणालो. मावशी ठकीचं टोपडं सरळ करत होत्या. ते सरळच होतं.

तर सध्या आमच्या घरी असं चाललंय. सकाळचं ऊन खिडकीतून खोलीत येतं तिथे चादर टाकतो आणि ठकीबाईंना उघड्या बुडानं सोडतो. त्या उलट्या रांगत ऊन सोडून सावलीत जातात, मी पाय धरून परत उन्हात ओढतो. काल माझा पेपर भिजवला, तोही मी वाचायच्या आत. मलम मात्र चिवट आहे. हाताला लागलं की साबणाला दाद देत नाही. दाराच्या कडीला, चष्म्याच्या काडीला, रेडिओच्या बटणाला, सगळीकडे पांढरी बोटं उठलीत. औषधवाला म्हणाला, ‘आजोबा, एवढ्यात दुसरी ट्यूब? खाता की काय?’

पहिले दोन दिवस काही फरक दिसेना, तेव्हा माझा धीर सुटला होता. तिसऱ्या दिवशी कोमट पाणी लागलं तरी ती रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, आता हा काय करतो म्हणून. मीही श्वास धरून टिपत होतो. लालीची कड फिकी पडली होती. काल बदलताना तिनं पाय उडवला आणि मलमात माखलेली टाच माझ्या शर्टावर मारली. तो शर्ट मी अजून धुतलेला नाही.

आत्ताच मावशी दारात येऊन विचारून गेल्या, ‘बेबीला सगळं लिहिलंत ना?’ म्हटलं, लिहितोय. तर लिहिलं.

तू तुझ्या परीक्षेकडे बघ.

बाबा


६ फेब्रुवारी

चि. बेबी,

हे पत्र बसून वाच. ठकी ठणठणीत आहे, हे आधी सांगतो. बूड असं झालंय की जणू काही घडलंच नव्हतं. सध्या ती मावशींकडे आहे. का, ते पुढे लिहितो.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मावशी म्हणाल्या, डॉक्टरांना दाखवू. त्या तसं का म्हणाल्या ते लिहिलं नाही. त्या दुपारी मी खुर्चीत पेपर वाचत होतो आणि ठकी शेजारी पाळण्यात जागी पडून होती, शांत. मला वाटलं, किती गुणी पोर आहे. मावशी कसलासा डबा परत द्यायला दार ढकलून आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. त्यांचा हात नाकाशी गेला.

‘भाऊ, कधीचं आहे हे?’

‘काय कधीचं?’

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मग आत येऊन ठकीला उचललं, डायपर सोडला. शी वाळून कातडीला धरली होती. आग होऊन होऊन पोर दमून गप्प झाली होती, आणि मी तिला गुणी म्हणत होतो.

‘तुम्हाला वास नाही आला?’

‘जरा सर्दी आहे,’ मी म्हणालो.

बेबी, मला सर्दी नाही. मला वासच येत नाही. आजकालचं नाही हे, तू शाळेत होतीस तेव्हापासूनचं. शेडमध्ये थिनरच्या धुक्यात उभं राहून रंगाची गन मारायची आणि तोंडाला काय, तर घामाचा रुमाल. आधी थिनरचा वास यायचा बंद झाला. मला वाटलं, चला, सवय झाली. मग चहाचा गेला, साबणाचा गेला. एक दिवस तुझी आई म्हणाली, ‘अहो, काहीतरी जळतंय,’ आणि जळत होतं ते माझ्याच पायाशी.

तेव्हापासून तुझी आई माझं नाक झाली. दूध नासलंय का ते ती बघायची. शर्ट बदला म्हणून ती सांगायची. कुणाला कळू द्यायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. मालकाला कळलं तर रंग मिसळण्याच्या कामावरून काढेल, ही धास्ती. पुढे काम सुटलं, धास्ती गेली, पण लपवायची सवय तेवढी राहिली. तुझी आई गेली आणि हे माहीत असणारं कुणी उरलं नाही. तिच्यामागे मी नासलेलं दूध दोनदा चहात ओतलंय, शिळं खाऊन आजारी पडलोय, आणि तुला ‘बाहेरचं खाल्लं’ म्हणून सांगितलंय.

मग तू विचारलंस, बाबा, जमेल ना? तेव्हा सांगायचं होतं. सांगणारही होतो. पण तू ठकीला माझ्या कडेवर देऊन विचारलंस आणि तिनं माझं बोट धरलेलं होतं. तुझी आई गेल्यापासून मला कुणी काही मागितलं नव्हतं. या घरात दिवसभर भांड्याला भांडं लागायचा आवाजही माझ्याच हातचा. म्हटलं, नाक नाही तर नाही, डोळे आहेत, हात आहेत. सांगितलं तर तू तिला ठेवणार नाहीस, हेही मला ठाऊक होतं. ते खरं कारण. बाकीचं मी मागून जमवलंय.

डॉक्टरीणबाईंना मी ‘लगेच’ म्हणालो. लगेच म्हणजे केव्हा, हेच मला कळत नव्हतं. त्यांच्याकडून आल्यावर मात्र मी नाकाचं काम डोळ्यांना लावलं. घडोघडी डायपर उघडून बघायचं. ठकी वैतागायची, पण जखमा भरल्या. मला वाटलं, निभावलं. हे सगळं तुला न सांगताही निभावलं. मागचं पत्र मी त्या खुशीत लिहिलं.

मंगळवारी सकाळी दूध शेगडीवर ठेवलं आणि ठकीला धुवायला न्हाणीत नेलं. नेहमीसारखं टिपलं, कोरडं केलं, मलम लावलं. माझा वेळ तिथे जातो, मी सावकाश करतो. इकडे दूध उतू गेलं आणि ज्योत विझली. परत आलो तर सांडलेलं दूध दिसलं. पुसून टाकलं. म्हटलं, आता चहा तरी करू. ठकी कडेवर होती. मी काड्यांची पेटी घेतली, काडी काढली. तेवढ्यात तिनं माझा चष्मा ओढला. तो सावरायला मान खाली घातली आणि शेगडीचं बटण दिसलं. उघडं होतं. किती वेळ उघडं होतं, मला माहीत नाही.

काडी माझ्या बोटांत होती, बेबी. पोर कडेवर होती.

बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, तिला घेऊन खाली जिन्याच्या पायरीवर येऊन बसलो. ती माझी मलमाची बोटं धरून तोंडात घालायला बघत होती. पेपरवाला गेला, म्हणाला, ‘काय आजोबा, नातीला हवा खायला आणलंत?’ मी हो म्हणालो. मावशी त्या दिवशी माल पोचवायला बाहेर गेल्या होत्या. वरती काय झालं, कुणालाच कळलं नाही. मी सांगितलं नाही तर कधी कळणारही नाही. त्या पायरीवर बसून मी हाही विचार केला, ते तुला कळलेलं बरं. की शेगडीवर नीट लक्ष ठेवीन, दूध गार देईन, आणि गप्प बसेन. तुझं प्रशिक्षण संपायला फार दिवस राहिले नाहीत. ठकी हसत होती. गप्प बसणं किती सोपं होतं.

संध्याकाळी मावशी आल्या तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला नाही की मला बोल लावला नाही. नुसतं ठकीला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाल्या, ‘आज इकडेच झोपू दे.’ मी देऊन टाकली.

मी दिवसा त्यांच्या घरी जाऊन बसतो. माझ्याकडचा गॅस बंद करून ठेवलाय, जेवण खानावळीतून येतं. पण मावशींचे गुडघे कामातून गेलेत, आणि त्यांच्या घरात जमिनीवर सुया-टाचण्या असतात, ठकी जे दिसेल ते तोंडात घालते. हे फार दिवस चालायचं नाही.

तू ये आणि तिला घेऊन जा.

हे फोनवर सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, ‘बाबा, तुम्ही उगाच घाबरताय, थोडेच दिवस राहिलेत,’ आणि मी ते ऐकलं असतं. म्हणून कुरियरनं पाठवतोय. मिळाल्यावर मला फोन कर. मी उचलीन.

बाबा


३ मार्च

चि. बेबी,

तुम्ही दोघी सुखरूप पोचल्याचा निरोप मावशींच्या फोनवर आला. मला केला नाहीस. ठीक आहे. त्यांनी दारात उभं राहून सांगितलं, मी ऐकलं.

तू इथे होतीस ते दोन दिवस माझ्याशी फारसं बोलली नाहीस. ठकीचे कपडे घड्या करत होतीस आणि मी बाजूला उभा होतो, काय देऊ, काय उचलू करत. शेवटी तू म्हणालीस, ‘तुम्हाला काय वाटतं, तुम्हाला वास येत नाही म्हणून मी चिडलेय?’

मी म्हटलं, नाही.

‘मी विचारलं होतं, बाबा. दारात उभं राहून विचारलं होतं. तेव्हा एक वाक्य बोलला असतात तर मी मावशींशी बोलले असते, दिवसभरासाठी एखादी बाई ठेवली असती. ती आणि तुम्ही मिळून सांभाळलं असतं. ठकी इथेच राहिली असती, तुमच्याजवळ. आणि मी तिकडे.’

हे मला सुचलंच नव्हतं, बेबी. शपथेवर सांगतो. मला दोनच गोष्टी दिसत होत्या. लपवलं तर ठकी माझी, सांगितलं तर गेली. तू मध्येच एक तिसरी वाट काढली असतीस, कारण तू माझ्यापेक्षा तुझ्या आईवर गेलीस. ती वाट आठवली की मी जिथे असेन तिथे बसतो. ठकीच्या कातडीला झालं ते भरून आलं. तुझं वर्ष गेलं ते कुठल्या मलमानं भरायचं? तुझी जागा दुसऱ्याला दिली, आता पुढच्या वर्षी या, असं कंपनीनं कळवल्याचं मावशींकडून कळलं. त्यांना मी खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं. त्यांच्यावर रागावू नकोस.

इकडची खबर अशी. नाकाच्या डॉक्टरांना दाखवून आलो. त्यांनी बत्ती घालून बघितलं आणि म्हणाले, आता वास परत यायची आशा धरू नका. गॅस सुटला तर शिट्टी मारणारं यंत्र मिळतं म्हणे. ते मी बसवून घेतलं. बसवणाऱ्या पोरानं कसं वाजतं ते वाजवून दाखवलं. साबणाच्या पेटीएवढी वस्तू, भिंतीला लावायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. इतकी वर्षं ही दुकानात पडून होती, आणि मी कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

आणखी एक सांगायचं राहिलंय. ते कुणालाच माहीत नाही, तुझ्या आईलाही कळायचं कारण नव्हतं. ठकीला जो कुणी उचलून घ्यायचा तो तिच्या टाळूशी नाक न्यायचा आणि डोळे मिटायचा. तू, मावशी, खालच्या मजल्यावरच्या मुली, सगळे. ‘कसा गं वास येतो बाळाचा,’ म्हणायचे. मीही तसंच करायचो. नाक टेकवायचो, डोळे मिटायचो, मान डोलवायचो. लोकांसमोर आधी, मग घरात कुणी नसतानाही. तिचे केस ओठांना लागायचे, टाळू उडताना जाणवायची. मला तेवढं पुरायचं. तुझ्या वेळी माझं नाक शाबूत होतं, तेव्हा तुला मी कधी असं जवळ धरलं होतं का, हे मी आठवून आठवून बघतो. नाही आठवत.

काल मावशी धुणं गोळा करायला आल्या होत्या. ठकीची चादर हातात घेतली आणि म्हणाल्या, ‘भाऊ, ही राहू दे का? अजून तिचा वास आहे हिला.’ मी म्हटलं, धुऊन टाका. त्या गेल्या नाहीत, चादर धरून तिथेच उभ्या राहिल्या. मग मीच म्हटलं, बरं, राहू दे. तुम्ही येत जा अधूनमधून, आणि मला सांगत जा, आहे का अजून.

तुझ्या खोलीत ऊन कुठल्या बाजूनं येतं ते मला माहीत नाही, पण येत असेल तर तिला रोज थोडा वेळ उघडी सोड. आता उकाडा वाढेल, डायपर घट्ट बांधू नकोस. मलमाच्या दोन ट्यूबा तुझ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात घातल्यात. लाली नसली तरी झोपवताना एक थर देत जा. लाली आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ते बरं. पाळणाघरात ठेवणार असशील तर तिथल्या बाईंना पहिल्याच दिवशी सगळं सांग. काहीही राखून ठेवू नकोस.

माफ कर असं मी लिहिणार नाही. ते लिहिलं की तुला ‘केलं’ म्हणावं लागेल, आणि तुझ्या मनात नसताना तुझ्याकडून काही वदवून घ्यायचा मला हक्क नाही.

एक मागणं आहे. नाही म्हणालीस तरी चालेल. पुढे कधी इकडे आलात तर तिला माझ्यावर सोपवून तू बाजारात जाऊ नकोस, मी तसं सुचवणारही नाही. तू खोलीतच बस. तुझा चहा घे. आणि तू समोर बघत असताना, एकदा, मला तिला टिपून कोरडं करू दे, मलम लावू दे. नखं कापलेली असतील. हात तुझ्यासमोर धुवीन.

तुझा बाबा,
आणि तू म्हणशील तेव्हाच ठकीचा आजोबा